दरीवरच्या कमानी : जुना रेल्वेपूल पाहायला जाणाऱ्या वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात आडगावांतून, दऱ्याखोऱ्यांतून जाणाऱ्या जुन्या रेल्वेपुलांविषयी एक छोटे टिपण दिले होते. एकापाठोपाठ एक कमानी टाकीत दरी पार करणारा हा लांबलचक पूल अभियंत्यांच्या भाषेत ‘व्हायाडक्ट’ म्हणून ओळखला जातो. साधा पूल पाणी ओलांडतो. व्हायाडक्ट आख्खी दरी ओलांडतो, मग तिच्या तळाशी नदी असो, ओहोळ असो की नुसते कुरण. त्या टिपणावर बरीच पत्रे आली आणि त्यांतले प्रश्न असे नेमके होते की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : सहलीच्या वाटेवर आम्ही असा एक पूल पाहिला. गाडीतून उतरलो, छायाचित्रे काढली आणि दहा मिनिटांत निघालो. घरी आल्यावर मात्र काहीच पाहिले नाही अशी चुटपुट लागून राहिली. असा पूल पाहायचा कसा?

आपण पूल पाहिलात, दरी पाहिली नाहीत, एवढेच त्या चुटपुटीचे कारण असावे. व्हायाडक्ट हे दरीला दिलेले उत्तर असते आणि प्रश्न ठाऊक नसेल तर उत्तरात गोडी वाटत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावरून धावताना घर्षण फार कमी असते, म्हणून थोड्या ताकदीत मोठे ओझे ओढता येते. पण तेच कमी घर्षण चढावर आड येते आणि इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागतात. पायवाट किंवा रस्ता दरीत उतरून पलीकडे पुन्हा चढू शकतो. रेल्वेला ती मुभा नाही, तिला जवळजवळ एका पातळीत पलीकडे जावे लागते. दरी उथळ असेल तर मातीचा भराव घालून काम भागते. परंतु भरावाची उंची दुप्पट केली की त्याचा पायथाही रुंदावतो, आणि लागणारी माती दुप्पट न होता चौपटीच्या घरात जाते. असे करता करता एका उंचीला हिशेब उलटतो आणि मातीपेक्षा कमानी स्वस्त पडू लागतात.

म्हणून पहिला अर्धा तास दुरून पाहण्यात घालवावा. समोरच्या उतारावर किंवा दरीच्या बाजूच्या टेकडीवर उभे राहिले की पुलाच्या दोन्ही टोकांना भराव कुठे संपतो आणि पहिली कमान कुठे सुरू होते ते दिसते. हिशेब जिथे उलटला ती जागा तीच. टोकाच्या कमानी बुटक्या असतात आणि मधल्या खांबांची उंची वाढत जाते. त्या वाढत्या खांबांमुळे दरीचा आकार जसा मोजून मांडल्यासारखा दिसतो तसा उघड्या दरीतही दिसत नाही. ऑस्ट्रियातील झेमरिंगचा डोंगरी रेल्वेमार्ग अभियंते कार्ल फॉन गेगा यांनी १८४८ ते १८५४ या काळात बांधला. त्यावर १६ व्हायाडक्ट आहेत. त्यांतला काल्टे रिने येथील दुमजली कमानींचा पूल ४६ मीटर उंच आहे. ऑस्ट्रियाच्या जुन्या २० शिलिंगच्या नोटेवर पुढे गेगा यांचे चित्र आणि मागे हा पूल छापलेला होता. नोटेवरचा देखावा डोंगरातल्या ज्या जागेवरून दिसतो, तिला लोक आजही ‘वीस शिलिंगचा देखावा’ याच अर्थाच्या नावाने ओळखतात. रेल्वेच्या कडेकडेने जाणारी पायवाट धरून तिथवर चालत जाता येते. प्रत्येक पुलाला अशी एक जागा असतेच. नोटेवर छापली गेली नसली तरी ती शोधण्यासाठी थोडी पायपीट करायला हरकत नाही.

त्यानंतर खाली उतरावे आणि खांबांच्या रांगेत उभे राहून लांबीच्या दिशेने पाहावे. दक्षिण इंग्लंडमधील ऊझ दरीचा व्हायाडक्ट १८४१ साली वाहतुकीला खुला झाला. ३७ कमानींच्या या पुलाला सुमारे १ कोटी १० लाख विटा लागल्या. त्याचा प्रत्येक खांब मधोमध आरपार पोकळ ठेवला आहे; त्या पोकळीला वर कमान आहे आणि खाली तीच कमान उलटी करून बसवली आहे. एका टोकाच्या खांबाशी उभे राहिले की ही लंबगोल दारे एकात एक बसत लहान लहान होत जाताना दिसतात. पोकळी ठेवल्यामुळे विटा वाचल्या आणि पायावरचे ओझेही कमी झाले. काटकसर म्हणून केलेली ही गोष्ट डोळ्यांना देवळातल्या सभामंडपासारखी भासते. दुरून पाहणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही.

शेवटी एकाच खांबाजवळ जाऊन, हात लावता येईल इतक्या अंतरावरून, पाच-दहा मिनिटे पाहावे. एका बंद पडलेल्या मार्गावरच्या पुलाखाली मला गवतात पडलेली एक अर्धी वीट मिळाली होती. तिच्या एका कडेला चार उथळ खळगे होते. ओली वीट साच्यातून काढून वाळत घालताना तिला उचलणाऱ्याची चार बोटे तिथे रुतली होती. माझी बोटे त्यांत ठेवून पाहिली तर ती मावेनात. तो हात लहान होता, कदाचित एखाद्या मुलाचा असेल. वीट मी जिथे होती तिथेच परत ठेवली. आपणही काही उचलून आणू नये अशी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे सगळे आयुष्य रेल्वेत, रुळांच्या देखभालीच्या कामात गेले. आता गुडघ्यांमुळे त्यांना उंचसखल वाटेवर चालवत नाही. त्यांना असा पूल कसा दाखवता येईल?

त्यांच्यासाठी वळणावरचा पूल निवडा आणि तो गाडीतून दाखवा. सरळ पुलावरून जाताना प्रवाशाला पूल दिसत नाही, फक्त दरी दिसते. वळणावर मात्र खिडकीतून आपलीच गाडी कमानींवरून पुढे सरकताना दिसते. स्कॉटलंडमधील ग्लेनफिनन येथील २१ कमानींचा पूल असा आहे. तो ज्या मार्गावर आहे तो १९०१ साली सुरू झाला, आणि लोखंडी सळई न घालता नुसत्या काँक्रीटमध्ये हा पूल बांधलेला आहे. स्वित्झर्लंडमधील लांडवासरचा पूल १९०१-०२ मध्ये बांधला गेला. त्याला अवघ्या सहा कमानी आहेत, पण तो ६५ मीटर उंच आहे, केवळ १०० मीटर त्रिज्येच्या वळणात बसवलेला आहे आणि त्याचे एक टोक उभ्या कड्यातल्या बोगद्यात थेट घुसते. वळणाच्या आतल्या बाजूची आणि गाडीच्या मागच्या डब्यांतली जागा मिळवावी, म्हणजे इंजिन आणि पुढचे डबे कमानींसह नजरेत येतात.

एक गोष्ट आणखी सुचवावीशी वाटते. पुलाच्या अलीकडे कातळ फोडून काढलेली खोदाई असेल तर तिथे चाकांचा आवाज दोन्ही भिंतींवर आपटून डब्यात परत येत असतो. पुलावर येताच तो एकदम मोकळा होतो. आपल्या वडिलांना हे डोळे मिटूनही कळेल. कठड्यात ठरावीक अंतरावर ठेवलेले कोनाडेही त्यांना दाखवा. गाडी आली की रुळांवर काम करणाऱ्यांनी अंग चोरून उभे राहण्यासाठी ते असतात. त्या कोनाड्यांविषयी आपल्या वडिलांना जे सांगता येईल ते कोणत्याही मार्गदर्शकाला सांगता येणार नाही. ते ऐकून लिहून ठेवाल तर फार चांगले होईल.

प्रश्न : पुलावर चढून रुळांच्या कडेने चालत जाण्यास हरकत आहे का? दिवसातून दोन-चारच गाड्या जातात असे कळते.

हरकत आहे आणि ती पूर्ण आहे. गाड्या किती जातात यावर हा धोका ठरत नाही. कठडा आणि रूळ यांच्यामध्ये माणूस आणि धावती गाडी दोघे मावतील इतकी जागा बहुतेक जुन्या पुलांवर नसते. मघाशी सांगितलेले कोनाडे ज्यांना वेळापत्रक माहीत आहे आणि ज्यांच्याबरोबर पहारा देणारा सहकारी आहे, अशांसाठी आहेत. दरीत वारा उलटा असला की गाडीचा आवाज ती वळणावरून पुढे येईपर्यंत ऐकूच येत नाही. मालगाड्या, इंजिनाच्या चाचण्या आणि देखभालीची वाहने प्रवाशांच्या वेळापत्रकात नसतात. ग्लेनफिननचा पूल चित्रपटांतून जगभर पोहोचला तेव्हापासून छायाचित्रासाठी रुळांवर जाणाऱ्यांना तेथील रेल्वे पोलिसांना वारंवार बजावावे लागले आहे.

बंद पडलेला पूल सुरक्षित, असा समज तर त्याहून घातक आहे. देखभाल थांबली की पाणी वाहून नेणारी भोके तुंबतात, वर झुडपे उगवतात, कठड्याचे दगड मुळांनी सैल होतात. दाट गवताखाली उघडा खड्डा असला तरी दिसत नाही. ज्यांना वर चालायचेच आहे त्यांनी पायवाट म्हणून रीतसर खुले केलेले पूल निवडावेत. इंग्लंडमधील मॉन्सल खोऱ्यातला हेडस्टोन व्हायाडक्ट असा आहे. १८६० च्या दशकात तो झाला तेव्हा दरीचे सौंदर्य नासवले म्हणून इंग्लिश लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी त्यावर कडाडून टीका केली होती. १९६८ साली त्यावरची रेल्वे बंद पडली, आणि आज त्यावरून पायी चालणारे व सायकलस्वार जातात. ज्या पुलामुळे दरी बिघडली असे म्हटले गेले, तोच पाहायला लोक आता त्या दरीत येतात.

प्रश्न : पुलाखालून चालताना असे दिसले की काही खांब इतरांपेक्षा बरेच जाड आहेत. ते ठरावीक अंतराने येतात. यामागे काही कारण आहे का, की नुसती शोभा?

शोभेचा यात काही संबंध नाही. आपली नजर अचूक जागी गेली आहे, म्हणून या उत्तराला थोडी जागा देतो.

कमानीवर ओझे आले की ती ते खाली पायाकडे नेते, आणि त्याबरोबर दोन्ही बाजूंना रेटाही देते. भिंतीला तिरकी शिडी लावून तिच्यावर चढले की शिडीचा पाय बाहेर सरकू पाहतो, तसाच हा रेटा असतो. व्हायाडक्टमध्ये डावीकडची कमान खांबाला उजवीकडे ढकलते आणि उजवीकडची डावीकडे, त्यामुळे दोन्ही रेटे एकमेकांना मारतात आणि खांबावर फक्त खाली जाणारे ओझे उरते. म्हणूनच एवढे उंच खांब इतके सडपातळ ठेवता येतात. मात्र एक कमान कोसळली तर शेजारच्या खांबावरचा एका बाजूचा रेटा नाहीसा होतो, तो खांब कलंडतो, त्याच्याबरोबर पुढची कमान जाते आणि बघता बघता पूर्ण रांग आडवी होऊ शकते. हे थांबवायचे तर मधूनमधून एकतर्फी रेटाही सोसू शकेल असा खांब हवा. उत्तर इंग्लंडमधील रिबलहेडचा व्हायाडक्ट २४ कमानींचा, सुमारे ४०० मीटर लांब आणि ३२ मीटर उंच आहे. त्याचा दर सहावा खांब मुद्दाम जाड बांधलेला आहे. काही विपरीत घडलेच तर नुकसान त्या दोन जाड खांबांच्या मधल्या गाळ्यांपुरते राहावे, असा त्यामागे विचार होता.

ही भीती कागदावरची नव्हती. फ्रान्समध्ये रुआँ ते ल हाव्र या मार्गावरचा बारांतँ येथील २७ कमानींचा, ३० मीटरहून अधिक उंचीचा विटांचा पूल बांधून झाला, आणि मार्ग सुरू होण्यापूर्वीच १८४६ च्या जानेवारीत तो आख्खा कोसळला. चुना पुरेसा घट्ट झाला नव्हता असे कारण तेव्हा पुढे आले. पुलाचे कंत्राट टॉमस ब्रॅसी यांच्याकडे होते. जबाबदारी कोणाची याचा वाद घालत न बसता त्यांनी स्वतःच्या खर्चाने, अधिक चांगला चुना वापरून, काही महिन्यांत तो पुन्हा उभा केला. तो पूल आजही वापरात आहे. रेल्वेच्या इतिहासात नफ्यातोट्याच्या गोष्टी ढिगाने सापडतात. त्यांत ही एक गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्याच सुमारास जर्मनीत सॅक्सनी प्रांतातल्या ग्यॉल्च दरीवर पूल बांधायचा होता. त्यासाठी आराखड्यांची स्पर्धा घेतली, ८१ आराखडे आले, पण आपला पूल रेल्वेचे ओझे पेलेल हे आकडेमोडीने सिद्ध करणारा त्यांत एकही नव्हता. परीक्षक मंडळाचे प्रमुख योहान आंद्रेआस शुबर्ट यांनी मग आलेल्या कल्पनांतून वेचून, गणित मांडून, स्वतः आराखडा तयार केला. तोवर पूल अनुभवाने आणि अंदाजाने बांधले जात; इतक्या मोठ्या पुलाचा विचार गणिताने करण्याची ती अगदी सुरुवातीची खेप होती. काम सुरू झाल्यावर दरीच्या तळाशी जमीन अपेक्षेपेक्षा भुसभुशीत निघाली. तिथे खांब उभा करण्याऐवजी मधोमध मोठ्या गाळ्याच्या कमानी टाकाव्या लागल्या, आणि पुलाच्या रूपातला तो फरक आज लांबूनही ओळखता येतो. १८५१ साली पुरा झालेला हा पूल ५७४ मीटर लांब, ७८ मीटर उंच, चार मजली आणि ९८ कमानींचा आहे. त्याला २ कोटी ६० लाखांहून अधिक विटा लागल्या, आणि विटांचा याहून मोठा पूल जगात दुसरा नाही. तेव्हा कोणत्याही पुलात एखादा गाळा वेगळा, एखादा खांब जाड, एखादी कमान रुंद दिसली तर थांबावे. तिथे बहुधा जमिनीने काहीतरी वेगळे मागितलेले असते.

प्रश्न : कमानीच्या आतल्या बाजूला पांढरे ओघळ होते आणि काही ठिकाणी बारीक पांढऱ्या नळ्या लोंबत होत्या. भेगाही दिसल्या. पूल पडायला आला आहे का?

पांढऱ्या ओघळांवरून तसा निष्कर्ष काढता येत नाही. रुळांखालच्या खडीतून आणि भरावातून पावसाचे पाणी खाली मुरते. कमानीच्या पाठीवर पाणी अडवणारा थर घातलेला असतो आणि पन्हळी ठेवलेल्या असतात. पण थर फाटला किंवा पन्हळ तुंबली की पाणी सांध्यांतून वाट काढते. वाटेत ते चुना विरघळवते, आणि खालच्या बाजूला हवा लागली की तो चुना पुन्हा घट्ट होऊन तिथेच बसतो. गुहांमध्ये चुनखडीचे लोंबते खांब तयार होतात त्याच्याशी जवळची अशीच ही क्रिया आहे. पाणी कुठून जाते आहे हे त्या नळ्या सांगतात. पाणी हाच या पुलांचा खरा शत्रू असल्याने देखभाल करणारे त्याच खुणा शोधत असतात. थंड प्रदेशात मुरलेले पाणी गोठून फुगते आणि विटांचे पापुद्रे सुटतात, ते अधिक वाईट.

भेगांविषयी सांगायचे तर भेग आहे यापेक्षा ती वाढते आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा. पूर्वी भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून तिच्यावर तारीख लिहीत असत. पट्टी तडकली की भेग हलते आहे हे समजायचे. आता तिच्या जागी रेघांची मापपट्टी लावतात. आपल्याला अशी पट्टी दिसली तर घाबरण्याऐवजी बरे वाटू द्यावे, कारण कोणीतरी लक्ष ठेवून आहे असा तिचा अर्थ आहे. कमानीच्या वरच्या भिंतींवर लोखंडाच्या गोल किंवा फुलीच्या आकाराच्या थाळ्या दिसतात, त्या भिंती बाहेर फुगू नयेत म्हणून आरपार घातलेल्या सळयांची टोके होत. विटांची वेगळ्या रंगाची ठिगळे दिसतात, तीही जुन्या दुरुस्त्यांचीच. सांधे मात्र राखाडी सिमेंटने कडक बुजवलेले असतील तर मला वाईट वाटते. मऊ चुना आतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवते आणि मग सांध्याऐवजी वीटच फुटते.

रिबलहेडचा पूल १९८० च्या दशकात याच पाण्यापायी जाता जाता राहिला. दुरुस्ती परवडणार नाही असे सांगून आख्खा मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव आला. प्रवाशांनी आणि परिसरातल्या लोकांनी त्याविरुद्ध नेटाने लढा दिला, प्रत्यक्ष चाचणी घेतल्यावर दुरुस्तीचा खर्च आधीच्या अंदाजापेक्षा पुष्कळ कमी निघाला, आणि १९८९ साली सरकारने मार्ग चालू ठेवण्याचा निर्णय दिला. आज त्या पुलावरून एकेरी रुळावर गाड्या जातात.

प्रश्न : पुलाच्या खांबात कोणाला तरी जिवंत गाडले आहे अशी कथा ऐकली. यात तथ्य असते का?

मोठ्या बांधकामांभोवती अशा कथा जगभर सांगितल्या जातात. मृत्यूची कथा अनेकदा खऱ्या अपघातावर उभी असते, गाडल्याची बहुधा नसते. तरीही लोकांच्या बोलण्याला सरसकट थोतांड म्हणू नये, असे मला एका उदाहरणामुळे वाटते. ग्लेनफिननचा पूल बांधताना एक घोडा गाडीसकट पोकळ खांबात पडला आणि तिथेच राहिला, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते. १९८७ साली खांबाला बारीक भोके पाडून आत कॅमेरा सोडला, तर काहीच नव्हते. पुढे २००१ साली त्याच मार्गावरच्या लॉख नान उआव येथील पुलाच्या मधल्या भक्कम खांबाची यंत्राद्वारे तपासणी झाली, तेव्हा घोड्याचे आणि गाडीचे अवशेष तिथे आत असल्याचे आढळले. कथा खरी होती, पूल चुकला होता. आपण ऐकलेली कथा कोणी, कुठे, कोणत्या खांबाविषयी सांगितली ते टिपून ठेवावे.

प्रश्न : माझ्या मुलीला पुलाची उंची स्वतः मोजायची आहे. वर न जाता हे जमेल का?

जमेल. ऊन असेल आणि पायथ्याशी जमीन सपाट असेल तर एक मीटरची काठी उभी रोवा आणि तिची सावली मोजा. समजा ती ८० सेंटीमीटर आली, आणि त्याच वेळी कठड्याची सावली खांबाच्या बुडापासून २४ मीटरवर पडली, तर पूल ३० मीटर उंच आहे. दोन्ही मापे लागोपाठ घ्यावीत, कारण सावली हलत असते. पूल विटांचा असेल तर दुसरीही रीत आहे : मुलीच्या उंचीत विटांचे किती थर बसतात ते मोजायचे, मग एखाद्या छायाचित्रात खांबाचे सगळे थर मोजायचे आणि त्रैराशिक मांडायचे. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर का जुळली नाहीत हे शोधण्यात तिचा दिवस छान जाईल. एक मात्र पाहावे, भिंतीच्या फटींत वटवाघळे किंवा पक्षी राहत असतील तर त्या फटींत काठी किंवा विजेरी घालू नये.

प्रश्न : पुलाजवळच्या फलकावर अभियंत्याचे आणि कंपनीचे नाव होते. ज्यांनी तो हातांनी बांधला त्यांच्याविषयी एक अक्षरही नव्हते. त्यांच्या खुणा कुठे शोधाव्यात?

आधी पुलावरच शोधाव्यात. खांबांच्या अंगावर ठरावीक उंचीवर चौकोनी भोके दिसतात, नाहीतर बुजवलेली दिसतात. परांचीचे वासे त्यांत घातलेले असत. कमान जिथून वळू लागते तिथे दगडांचा एक थर थोडा पुढे आलेला असतो, त्यावर लाकडी सेंटरिंग टेकवून तिच्यावर कमान रचली जाई. कमान शेवटचा दगड बसेपर्यंत स्वतःच्या पायांवर उभी राहू शकत नाही, म्हणून सुतारांनी आधी लाकडाची पुरी कमान करायची आणि गवंड्यांनी तिच्यावर दगडाची करायची, असे ते काम असे. ती लाकडी कमान काढून घेतली जाते आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही. दगडांवर छिन्नीने कोरलेल्या बाणासारख्या, फुलीसारख्या छोट्या खुणा सापडल्या तर त्या घडवणाऱ्या पाथरवटांच्या असतात. कोणी किती दगड घडवले याचा हिशेब ठेवण्यासाठी त्या कोरीत.

मग पुलाकडे पाठ करून जमिनीकडे पाहावे. हजारो माणसे काही वर्षे त्या निर्जन दरीत राहिली, तर त्यांची घरे कुठेतरी असणारच. रिबलहेडचा पूल १८७० ते १८७४ या काळात बांधला गेला. तेव्हा भोवतालच्या ओसाड माळावर लाकडी झोपड्यांच्या वस्त्या उठल्या होत्या, आणि राहणाऱ्यांनी त्यांना सेबॅस्टोपोल, इंकरमन, जेरिको अशी नावे दिली होती. पहिली दोन काही वर्षांपूर्वीच्या क्रिमियन युद्धातली, तिसरे बायबलमधले. तिथे बायका होत्या, मुले होती. अपघातांबरोबर देवीच्या साथीनेही माणसे गेली. जवळच्या चॅपल-ल-डेल या गावच्या छोट्या चर्चच्या आवारात पुरलेल्यांची संख्या २०० च्या घरात गेली आणि दफनभूमी वाढवावी लागली. बहुतेकांच्या जागेवर दगड नाही. चर्चच्या आत भिंतीवर एक संगमरवरी पाटी आहे. या मार्गाच्या कामावर अपघातांत प्राण गमावलेल्यांची ती आठवण आहे, आणि तिचा खर्च त्यांच्या सहकारी कामगारांनी आणि रेल्वे कंपनीने मिळून केला असे तिच्यावरच लिहिले आहे.

म्हणून जाण्यापूर्वी आसपासच्या गावच्या दफनाच्या, जनगणनेच्या किंवा शाळेच्या नोंदी चाळता आल्या तर चाळाव्यात. फलकावर नसलेली नावे बहुधा तिथे असतात, वयासह आणि मूळ गावासह. रिबलहेडला स्थानकावरून पुलाकडे जाणारी पायवाट त्याच वस्तीच्या जागेवरून जाते. वस्तीचे अवशेष तिथे संरक्षित आहेत. ऊन तिरपे असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर, गवताखालचे चौथरे, भट्टीची जागा आणि सामान वाहणाऱ्या छोट्या रुळांचे बांध सावल्यांमुळे उठून दिसतात. भर दुपारी तिथे नुसते कुरण असते. त्या कुरणासाठी एक तास वेगळा काढावा आणि मग पुलाखाली जावे.